साळवेमामांच्या हातून राहिलेलं दार

सकाळी अकराच्या सुमाराला सुमनचा श्रीरामपूरहून फोन आला, "साळवेमामा गेले गं." माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "कोण म्हणालं?" मग मी विचारलं की कोणते साळवे, निरोप नक्की कधीचा आहे, कुणी घरी जाऊन खात्री केली का... सुमन पन्नास वर्षं मला ओळखते. ती म्हणाली, "अगं, माणूस गेलाय. रेशनकार्ड नाही तपासायचंय." मी फोन ठेवला आणि मामांच्या गावच्या ग्रामपंचायतीत ओळखीच्या एकांना फोन लावून पुन्हा विचारलंच. बातमी खरी होती. झोपेतच गेले, वय नव्वदीला टेकलेलं. मग मी इथे सावेडीतल्या माझ्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले आणि मला रडू आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण ते गाळून पुढचं काही लिहिता येणार नाही. मला वाटलं, चला, आता ते कुणाला सांगणार नाहीत.

संशय हा आमच्या घरचा वारसा. वडील वजनमापे खात्यात निरीक्षक होते. शेवगावच्या बाजारात ते आले की तराजू आपोआप सरळ व्हायचे. घरी आणलेली भाजी पुन्हा तोलली जायची, दुधात बोट बुडवून थेंब नखावर ठेवला जायचा, आणि पाहुण्यांनी आणलेल्या पेढ्यांची पुडीसुद्धा आई हातावर जोखून बघायची. शेजारच्या मुली ठिकऱ्या खेळत तेव्हा मी त्यांच्या रेघा टिचेने मोजायची. माझ्याशी कुणी सरळ वागलं की मला आधी प्रश्न पडतो, याचं काय अडलंय माझ्याकडे? या स्वभावाने नोकरीत मला पुष्कळ नाव मिळालं. माणसं किती गेली, त्याचा विचार मी अलीकडेच करायला लागलेय.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. आदल्या वर्षीच्या दुष्काळाने जिल्हा होरपळून निघाला होता, आणि शेतीला जोडधंदा म्हणून कोंबड्या पाळा असं जो तो सांगत होता. आमच्या कृषी अभ्यासक्रमात कुक्कुटपालन हा विषय होता, आणि पाटणकर सरांचं म्हणणं असं की उबवणी फळ्यावर शिकता येत नाही. म्हणून नगरपासून काही मैलांवरच्या एका उबवणी केंद्रावर आमच्या चार फेऱ्या ठरल्या. अंडी मशीनमध्ये लावायच्या दिवशी, सातव्या दिवशी, अठराव्या दिवशी आणि शेवटी पिल्लं फुटतात त्या एकविसाव्या दिवशी. वर्गात आम्ही चौदा जण, त्यात मुली दोनच, मी आणि सुमन. दर जोडीला एक ट्रे दिला होता. त्या ट्रेमधून किती पिल्लं निघतात त्यावर प्रात्यक्षिकाचे गुण मिळणार होते.

मशीन सांभाळायचे ते गंगाराम साळवे. काळेसावळे, शिडशिडीत, खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पहिल्या दिवशी केंद्राचे साहेब आमच्यासमोर त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आठ वर्षं रोजंदारीवर आहेत. या खेपेची पिल्लं दुष्काळी गावांतल्या बायकांना वाटायची आहेत. उबवण चांगली झाली की यांना कायम करायचा कागद मी सहीनिशी वर पाठवणार." मामा खाली बघत हसले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. माझ्या मनात आलं, म्हणजे या माणसाला पिल्लं जास्त दाखवायची गरज आहे.

शिकवण्याची त्यांची पद्धत निराळीच होती. अंड्याचं रुंद टोक वर का ठेवायचं हे सांगताना ते आमच्यातल्या एकाला खाली डोकं वर पाय करून भिंतीला उभं करत आणि विचारत, "दम लागतोय का? मंग त्याला लागत नसंल व्हय?" मशीनला दोन तापमापक होते, पण मामा आधी लाकडी बाजूला गाल टेकवायचे, मग काचेकडे बघायचे. "काच खोटं बोलंल, गाल न्हाई बोलत," असं म्हणायचे. अंडी कलती करायचा दांडा फिरवताना तोंडाने बारीक च् च् करायचे, बैलाला करावं तसं. मुलं त्यांच्यावर फिदा होती. पाटणकर सरांना 'सर' आणि यांना 'मामा', असं दुसऱ्या तासाला ठरूनही गेलं. मीही मामा म्हणायला लागले, पण माझ्या तोंडात तो शब्द सरळ बसला नव्हता. परतीच्या बसमध्ये कुणीतरी सांगितलं होतं की मामा छप्पनसाली बौद्ध झालेल्या घरातले आहेत. कुणी वाईट बोललं नाही, नुसतं सांगितलं. आज प्रामाणिकपणे बोलायचं तर माझ्या संशयाला त्या दिवशी बसायला पाट मिळाला. त्यांचं आडनाव वेगळं असतं तर मी इतकी डोळ्यांत तेल घालून बसले असते का... नसते बसले.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंडी दिव्यावर धरून तपासायची होती. पत्र्याच्या पेटीत बल्ब, पेटीला अंड्याएवढं भोक. फळलेल्या अंड्यात कोळ्यासारखा लाल जीव दिसतो, फांद्या फुटलेला. न फळलेलं अंडं नुसतं उजळतं, त्याला मामा 'मोकळं' म्हणायचे. ते अंडी इतक्या झपाझप धरत की आमची नजर पोचायच्या आत निकाल लागलेला असे. आमच्या ट्रेमधली अकरा अंडी त्यांनी बाजूला काढली आणि फडक्याने झाकलेल्या टोपलीत ठेवली. मी म्हटलं, "मामा, मला परत बघू द्या ना." त्यांनी एक अंडं माझ्या हातात दिलं. ते मोकळंच होतं. दुसरं मागायचा मला धीर झाला नाही, पण टोपली फडक्याने का झाकली हा प्रश्न मी घरी घेऊन गेले. निघायच्या आधी, सुमन पाणी प्यायला गेली तेव्हा, मी आमच्या ट्रेमधल्या प्रत्येक अंड्याच्या निमुळत्या टोकाला पेन्सिलने एक बारीक ठिपका दिला. मीही निरीक्षकाचीच मुलगी होते.

अठराव्या दिवशी अंडी फिरवायची थांबतात आणि दुसऱ्या मशीनमध्ये जातात, जिथे पिल्लं बाहेर पडतात. ट्रे हलवताना मी बघितलं. आमच्या ट्रेमध्ये बिनठिपक्याची पाच अंडी होती, आणि आमची ठिपकेवाली पाच मागच्या मुलांच्या ट्रेमध्ये. मी सुमनच्या कानात सांगितलं, "अंडी बदलतोय हा माणूस." ती म्हणाली, "मग विचार ना त्यांना." मी म्हटलं, "चोराला विचारायचं का, बाबा, चोरी केलीस का?" हे वाक्य मी किती रुबाबात म्हटलं होतं ते मला आजही ऐकू येतं. पुढे मला सरकारी कुक्कुटपालनातच नोकरी लागली, आणि पहिल्याच वर्षी तसलंच जुनं मशीन माझ्या ताब्यात आलं तेव्हा कळलं की त्याचा पंखा मागच्या कोपऱ्यापर्यंत वारं पोचवत नाही. जाणता माणूस मधूनमधून तिथली अंडी पुढे आणि पुढची मागे करतो, म्हणजे सगळ्यांना सारखी ऊब मिळते. मामा एकाची चांगली अंडी पळवून दुसऱ्याला देत नव्हते. ते एका मशीनची खोड सांभाळत होते.

दुसऱ्या मशीनचा नियम त्यांनी त्याच दिवशी सांगितला. अठरापासून एकवीसपर्यंत दार उघडायचं नाही. पिल्लू आतून टोचा मारतं तेव्हा त्याच्या अंगावरचं पातळ कातडं ओलं असावं लागतं. बाहेरची कोरडी हवा आत शिरली की ते वाळतं, पिल्लाला चिकटतं, आणि चोच बाहेर असताना पिल्लू आतच अडकतं. "सायेब आलं तरी न्हाई उघडायचं. द्येव आला तरी न्हाई," मामा म्हणाले. मुलं हसली. ते दार लाकडी होतं, जुनं, बिजागरीतून खाली आलेलं. लावताना मूठ जरा वर उचलावी लागे, नाहीतर लागल्यासारखं वाटे आणि बोटभर फट राही. शिंगणापूर तिथून तासाभरावर. साहेब थट्टेने म्हणायचे, साळवे, तुमचं मशीन शनीच्या गावी नेऊ, दाराची कटकटच मिटेल. मामांना ती थट्टा आवडत नसे. ते दिवसभर त्या दाराला पाठ लावून स्टुलावर बसायचे आणि मधूनच कान टेकवून आतला चिवचिवाट ऐकायचे. "बोलाया लागली," असं म्हणताना त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की मला वाटायचं, नाटकी आहे माणूस.

एकविसाव्या दिवशी दुपारी मुलं लिंबाखाली डबे सोडून बसली होती. पाटणकर सर साहेबांच्या खोलीत. टाकीतलं पाणी संपलेलं, दुष्काळच तसा होता. आतली हवा कोरडी पडू नये म्हणून मामांनी नाइलाजाने, मशीनच्या तळात ओलं गोणपाट सारायला, दार क्षणभर उघडलं, लावलं, आणि दोन बादल्या घेऊन ते दोन शेतं ओलांडून विहिरीकडे निघाले. मी हे खिडकीतून बघत होते. ते बांधाआड दिसेनासे झाल्यावर मी आत गेले आणि दार उघडलं. पिल्लांसाठी नाही. मला ठिपके बघायचे होते. आमची अंडी आमच्याच ट्रेमध्ये आहेत की आणखी कुठे गेलीत, एवढंच. मी एक ट्रे ओढला, मग दुसरा, मग तिसरा. अंड्यांना चिरा गेलेल्या, कुठे चोच बाहेर आलेली, कुठे ओलं पिल्लू मान टाकून पडलेलं. सगळीकडून चिवचिवाट. मी ठिपके शोधत होते. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, पण माझ्या पाठीवरून खिडकीतली झळ आत जात होती एवढं आठवतं. बाहेर कुणीतरी मला हाक मारली. मी ट्रे ढकलले, दार ढकललं आणि पळाले. मूठ वर उचलली नाही.

संध्याकाळपर्यंत काय ते दिसलं. निम्म्याहून अधिक अंड्यांत पिल्लं अडकली होती. मामा जमिनीवर फतकल मारून बसले होते, कोमट पाण्यात फडकं बुडवून एकेकाचं वाळलेलं कातडं सोडवत. थोडी सुटली. बरीच त्यांच्या हातातच गेली. साहेब आले, त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, "दार कुणी उघडं टाकलं?" आम्ही चौदा जण गप्प. मामा उठले, ओले हात शर्टाला पुसले आणि म्हणाले, "गोनपाट घालून मी पान्याला गेल्तो, सायेब. आलो तवा फट हुती. माझ्याच हातनं राह्यलं आसंल." असं म्हणताना त्यांनी वर बघितलं, आणि त्यांची नजर थेट माझ्यावर येऊन थांबली.

त्या नजरेवर मी पन्नास वर्षं काढली. माझी खात्री झाली की त्यांना कळलंय. खिडकीतून दिसलं असेल, नाहीतर माझ्या बोटांना लागलेली टरफलं दिसली असतील. मग सांगितलं का नाही? इथे माझा स्वभाव आडवा आला. एखाद्या माणसाने विनाकारण माझा दोष अंगावर घेतला, हे माझ्या डोक्यात शिरेना. मला वाटलं, ठेवून दिलंय याने. कधीतरी माझ्याकडून काहीतरी काढून घेणार. कायम करायचा कागद साहेबांच्या खणात परत गेला, हे पाटणकर सरांनी पुढच्या आठवड्यात वर्गात सांगितलं आणि हळहळले. मला वाईट वाटलं. खूप वाटलं, रात्री जेवण गेलं नाही. पण सकाळी उठून सरांच्या घरी जावं आणि सांगावं, एवढं काही वाटलं नाही. वडिलांच्या कानावर गेलं तर काय, पदविका अडली तर काय... दोन महिन्यांनी कळलं की मामांनी केंद्र सोडलं. नंतर ते एका शुगर फॅक्टरीच्या गोदामात पोती मोजायला लागले. अंड्याच्या आतलं बोलणं ऐकू येणारा माणूस पोत्यांत गेला, आणि तो मी पाठवला.

नोकरीत असताना एकदाच ते भेटले. शेवगावच्या बाजारात, मी ऑफिसच्या जीपमधून उतरत होते. केस पांढरे झालेले, पण बाह्या तशाच दुमडलेल्या. "ताई, वळखलं का?" मी लगेच सावध झाले. आता हा माणूस मागणार, मुलाला चिकटवा म्हणेल, नाहीतर आणखी काही. त्यांनी माझ्याकडे आता कोणतं मशीन आहे ते विचारलं, पंखे किती, कोपरा थंड राहतो का. मी तुटक उत्तरं दिली आणि घड्याळ बघितलं. निघताना ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, तेवढं दार नीट लावीत जावा." मी ती धमकी समजले. त्या दिवसापासून शेवगावचा दौरा आला की मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवू लागले.

त्यांच्या घरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेल्यावर, तीनेक आठवड्यांनी, मी एकटीच गेले. खरं तर का गेले ते मला सांगता येत नाही. घरात कुणाला काय माहीत आहे हे बघायलाही गेले असेन, माझा भरवसा नाही. वस्तीतलं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मामांचा फोटो. मामी आता पंच्याऐंशीच्या पुढच्या, पण कान शाबूत. मी माझं नाव सांगितलं, कोणत्या बॅचची ते सांगितलं. त्यांनी चहा टाकला. मी उगाच म्हटलं, "मामांनी कधी केंद्राचं काही सांगितलं का हो?"

"लई सांगायचं," मामी म्हणाल्या. "एकच सांगायचं. माझ्या हातनं दार राह्यलं. पिलं माझ्या हातनं मेली. बाई, त्या दिसापसनं त्यांचा सोताच्या हातावरचा इस्वासच उडाला. घराचं दार लावलं की मला हाक मारायचं, 'ये गं, ढकलून बघ.' फॅक्टरीत गोदामाला कुलूप घातलं की दुसऱ्याला वढून बघाया लावायचं. मानसं हसायची. पोरं मोठी झाली तर पोरांना हाका. मरायच्या आदल्या राती बी मला उठवलं, 'बघितलंस का ढकलून?' मी म्हनलं, बघितलं, झोपा आता."

त्यांना माहीत नव्हतं. त्या दिवशी त्यांची नजर माझ्यावर थांबली ती कुठेतरी थांबायची म्हणून. बाजारात ते मला धमकावत नव्हते. स्वतःच्या चुकीतून शिकलेली एकच गोष्ट एका जुन्या विद्यार्थिनीला सांगत होते. मी आयुष्यभर त्यांच्यावर संशय घेतला, आणि त्यांनी कुणावर घेतला? स्वतःच्या हातावर. माझ्या एका वाक्याने तो हात सुटला असता. ते मी त्यांना सांगितलं नाही, पन्नास वर्षांत एकदाही नाही.

मग मी सांगितलं. "मामी, दार त्यांच्या हातून राहिलं नव्हतं. ते विहिरीवर गेले तेव्हा मी उघडलं होतं. मी."

मामींनी पदराने तोंड पुसलं. मला वाटलं शिव्या देतील, उठून जा म्हणतील, आणि मी त्यासाठी तयार होते.

"आता कशापायी सांगती?" त्या म्हणाल्या.

"खरं आहे म्हणून, मामी."

"न्हाई." त्यांनी मान हलवली. त्या रागावल्या नव्हत्या. "मयताच्या घरी आल्याली मानसं ग्वाड बोलत्यात. तुजं मन चांगलं हाय. पर पन्नास वरसं त्यांनी येकच सांगितलं. सोताच्या जिवावर घिऊन कोन खोटं बोलंल? त्ये खोटं बोलायचं न्हाईत, बाई."

मी त्यांचा हात धरला, ठिपक्यांचं सांगितलं, ट्रे कसे ओढले ते सांगितलं, फट कशी राहिली ते सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि माझ्या हातावर थोपटत होत्या, आजारी माणसाला थोपटावं तसं. "ऱ्हाऊ दे. तुला वाईट वाटतंय, समजलं मला," म्हणाल्या. पुरावा मागितला असता तरी माझ्याकडे काही नव्हता.

निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. मामी उंबऱ्यापर्यंत आल्या, मी बाहेर पडल्यावर त्यांनी दार लावलं. मी चपला घालत होते. तेवढ्यात आतून त्यांनी दार एकदा ढकलून बघितलं, आणि त्यांचा आवाज आला. तो माझ्यासाठी नव्हता, आत भिंतीवरच्या फोटोकडे वळलेला होता.

"बघितलं. लागलंय."

मी रस्त्याला लागले.